संवेदकजालातील संदेशाची वाट : ऊर्जेचा जमाखर्च आणि सुरक्षेचा बंदोबस्त

पुण्याहून महामार्गाने दक्षिणेस येणारा प्रवासी कोयनेचा पूल ओलांडून पुढे सरकला, की आगाशिवाच्या डोंगराच्या बाजूस, कऱ्हाड शहराला अगदी लागून वसलेले मलकापूर त्याच्या वाटेत येते. २००९ च्या सुमारास या गावाने चोवीस तास दाबाने पाणी देणारी नळयोजना अंमलात आणली, वापरागणिक टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा दर लावला, आणि नळजोडांना अशी मीटरे बसविली, की ज्यांचा आकडा उतरवून घेण्यासाठी कारकुनाला कोणाच्या अंगणात शिरण्याचे कारण पडू नये. रस्त्यावरून फिरणाऱ्या यंत्रावर तो रेडिओलहरींतून आपोआप यावा. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या योजनेचा पुढे पंतप्रधानांच्या लोकप्रशासन-पुरस्काराने गौरव झाला, आणि नळपाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात काम करणारी मंडळी दूरदूरहून ती पाहण्यास येऊ लागली.

या रचनेतील एक गोष्ट अभियंत्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तेथील मीटर आपला निरोप दुसऱ्या मीटरमार्फत पाठवीत नाही. वाचनयंत्र समोर आले म्हणजे त्यालाच तो थेट सांगतो. यात मार्ग शोधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि ज्या कामासाठी महिन्यातून एखादा आकडा पुरतो त्या कामास ही साधी रचना सर्वस्वी योग्य आहे. परंतु आता सातारा-सांगलीच्या टापूत अनेक ठिकाणी याहून अधिकाची अपेक्षा होऊ लागली आहे. नळातील दाब तासातासाला कळावा, गळती रात्रीच्या रात्री उघडकीस यावी, उपसा सिंचनाच्या चाऱ्यांवरील पाण्याची उंची घरबसल्या दिसावी, तासगाव-मिरजेकडील द्राक्षबागांत पानांवरची ओल व मातीतील ओलावा सतत मोजला जावा, ही अपेक्षा वाजवी आहे. मात्र ती पुरी करावयाची तर शेकडो लहान संवेदकांना एकमेकांच्या खांद्यावरून निरोप पुढे द्यावा लागतो, आणि मग तो निरोप कोणत्या वाटेने जावा, वाटेत किती वीज खावी, आणि वाटेत कोणी तो बदलू नये वा गिळू नये म्हणून काय तजवीज असावी, हे प्रश्न एकदमच पुढे उभे ठाकतात. नगरपरिषदांचे पाणीपुरवठा अभियंते, सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे चालक आणि कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांत याच विषयावर प्रकल्प करणारे विद्यार्थी, या तिघांना उपयोगी पडावे असे काही येथे सांगावयाचे आहे. माझे प्रतिपादन एवढेच, की ऊर्जेची काटकसर आणि संदेशाची सुरक्षितता ही दोन स्वतंत्र खाती मानून जो आराखडा केला जातो तो दोन्ही बाजूंनी फसतो. ही दोन्ही एकाच जमाखर्चाच्या वहीत मांडली पाहिजेत.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. संवेदकाचा खर्च मोजण्यात होत नाही, तो बोलण्यात होतो, हे बहुतेकांना ठाऊक असते; परंतु बोलण्याहूनही ऐकत बसण्याचा खर्च मोठा असतो, हे आराखडा करताना विसरले जाते. संशोधनशाळांतून पुष्कळ वापरली गेलेली सीसी२४२० ही रेडिओ-चिप घ्या. पूर्ण शक्तीने संदेश पाठविताना ती १७.४ मिलिअँपिअर प्रवाह घेते आणि नुसते कान टवकारून बसली असता १८.८; म्हणजे मौनातही तिचा खर्च बोलण्यापेक्षा किंचित अधिकच. २५०० मिलिअँपिअर-तासांच्या दोन साध्या सेलांची जोडी हा रेडिओ सतत चालू ठेवल्यास साडेपाच दिवसांत संपते. मीटर तर दहा वर्षे टिकावे अशी आपली अपेक्षा. तेवढीच शिदोरी दहा वर्षे पुरवावयाची तर सरासरी प्रवाह २८ मायक्रोअँपिअरांच्या आसपास राहिला पाहिजे, आणि बाकीचा सर्व खर्च शून्य धरला तरी रेडिओला दिवसाकाठी दोन मिनिटांहून थोडाच अधिक वेळ जागे राहता येईल. कोणतीही निविदा वाचताना हा दोन मिनिटांचा हिशेब मनात बाळगावा.

आता त्या दोन मिनिटांत काय मावते ते पाहा. साठ अक्षरांचा म्हणजे साठ बाइटांचा संदेश सेकंदाला अडीच लाख बिटांच्या वेगाने दोन मिलिसेकंदांच्या आत निघून जातो. चाळीस घरांचे तासातासाचे आकडे एका कोपऱ्यावरच्या नोडने, म्हणजे जालातील एका संवेदक-उपकरणाने, घेऊन पुढे दिले, तर दिवसाचे ९६० संदेश होतात, आणि ते ऐकणे व पाठविणे मिळून चार सेकंदही लागत नाहीत. तरीही तो नोड वर्षभरात मान टाकतो, कारण शेजारी केव्हा बोलेल याची खात्री नसल्यामुळे तो उरलेला वेळ वाट पाहण्यात घालवितो. सबब ऊर्जा वाचविण्याचा पहिला उपाय मार्ग निवडण्यात नसून वेळापत्रक ठरविण्यात आहे. कोणी कोणाशी, कोणत्या क्षणी आणि कोणत्या वाहिनीवर बोलावयाचे हे आधी नेमून देणारी पद्धत २०१२ साली आय-ट्रिपल-ई संस्थेच्या ८०२.१५.४ या मानकाच्या सुधारणेत अंतर्भूत झाली आहे. खरेदीच्या वेळी ती उपकरणात आहे की नाही हे विचारावे. या वेळापत्रकाने सुरक्षेचेही एक काम आपोआप साधते: अवेळी आलेल्या हाकेला नोड उठतच नाही, त्यामुळे उपद्रवी माणसाला त्याची झोपमोड करणे अवघड जाते. मात्र सर्व नोडांची घड्याळे जुळविणारा संदेश खऱ्या केंद्राकडूनच आलेला आहे याची पडताळणी असली पाहिजे. ती नसेल तर एक खोटी वेळ सांगून सारे जाल विस्कटून टाकता येते.

यानंतर अंतराचा प्रश्न. लांबचा एक टप्पा बरा की जवळचे अनेक? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी २००० साली ‘लीच’ ही मार्गपद्धती मांडताना एक सोपा हिशेब वापरला होता. एक बिट पाठविण्यास वा घेण्यास विद्युन्मंडलाचा खर्च ५० नॅनोजूल. शिवाय पाठविणाऱ्यास अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात, दर चौरस मीटरमागे एका नॅनोजूलचा दहावा भाग. या दराने शंभर मीटरांवर थेट पाठविल्यास दर बिटाला १०५० नॅनोजूल पडतात. मध्ये एक नोड ठेवून पन्नास-पन्नास मीटरांचे दोन टप्पे केले तर ६५० पडतात. पंचवीस मीटरांचे चार केले तर ६००. येथवर वाचणाऱ्याला वाटेल की टप्पे वाढवावे तितका लाभ. परंतु दहा मीटरांचे दहा टप्पे करून पाहावे: पाठविण्याचे ६००, मधल्या नऊ नोडांनी ऐकण्याचे ४५०, मिळून पुन्हा १०५०, म्हणजे थेट पाठविण्याइतकेच. पाठ्यपुस्तकांतून ‘लहान टप्पे काटकसरीचे’ असा जो सरसकट नियम शिकविला जातो, तो या चार ओळींच्या गणितापुढे टिकत नाही.

प्रत्यक्ष रेडिओत तर लाभ याहूनही कमी असतो. वर सांगितलेल्या चिपची प्रक्षेपणशक्ती जवळजवळ तीनशे पटींनी घटविली, तरी तिचा प्रवाह १७.४ वरून ८.५ पर्यंतच उतरतो. याचा अर्थ, जवळ बोलल्याने फार तर निम्मा खर्च वाचतो आणि प्रत्येक वाढीव टप्प्यागणिक एका नोडला ऐकण्याची पूर्ण किंमत मोजावी लागते. म्हणून आपल्या रस्त्यांवर दोन-तीन टप्प्यांपलीकडे वाट लांबवू नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. लांबवावी लागत असेल तर ग्राही केंद्र, म्हणजे गेटवे, आणखी एक बसवावे. गेटवेची किंमत पन्नास पाणीमीटरांच्या बॅटऱ्या बदलण्याच्या मजुरीपुढे क्वचितच जड जाते.

टप्प्यांची संख्या कमी ठेवताना दुसऱ्या टोकाची चूकही टाळली पाहिजे. सर्वांत कमी टप्प्यांची वाट शोधणारी साधी पद्धती नेमक्या सर्वांत लांब आणि म्हणून सर्वांत दुबळ्या दुव्यांची निवड करते. त्या दुव्यावर संदेश तीनदा-चारदा पुन्हा पाठवावा लागतो आणि वाचवू पाहिलेली वीज तेथेच संपते. एखादा संदेश पोहोचविण्यास सरासरी किती प्रयत्न लागतील त्या संख्येवरून वाटेची किंमत ठरविणे हे अधिक शहाणपणाचे, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आरपीएल’ या मार्गनियमावलीसोबत हे माप वापरता येते. त्या मापात उरलेल्या बॅटरीचाही विचार घालण्याची सोय असते; ती घालावी, पण जपून, कारण बॅटरीच्या लहानसहान चढउतारांबरोबर वाट रोज बदलू लागली तर वाट बदलण्याच्या निरोपांतच ऊर्जा जाते.

दुवा चांगला की दुबळा हे कागदावर ठरत नाही, आणि या प्रदेशात तर ते ऋतूवर ठरते. कृष्णा-कोयनेच्या काठच्या शिवारात चैत्रात मोकळ्या रानातून दोन खांबांमधील संवाद सुरळीत चालतो; त्याच जागी आडसाली ऊस डोक्याच्या वर गेला आणि पावसाने पाने निथळू लागली, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्या हिरव्या भिंतीत शोषल्या जातात. गावात मीटर भूमीलगतच्या चेंबरमध्ये असते. चेंबरवर बिडाचे झाकण असले तर ते लहरी अडविते, आणि पावसाळ्यात चेंबर तुडुंब भरले तर ॲंटेना पाण्याखाली जाते. म्हणून पाहणी करावयाची ती भाद्रपदात, ऊस उभा असताना आणि चेंबर ओले असताना. झाकणे प्लास्टिकची वा फायबरची घ्यावी. ॲंटेना झाकणाच्या आतील बाजूस जितकी वर घेता येईल तितकी घ्यावी. उन्हाळ्यात पाहणी करून पावसाळ्यात पस्तावणारे ठेकेदार थोडे नाहीत.

ज्या ठिकाणी दिवसाकाठी मोजकेच आकडे हवे आहेत, त्या ठिकाणी मार्गनिश्चितीचा खटाटोप मुळातूनच टाळता येतो. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून मर्यादित शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला आहे, आणि त्यावर चालणाऱ्या लोरावान पद्धतीत प्रत्येक नोड थेट उंचावरच्या गेटवेशी बोलतो. उपकरणास वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विभागाची मान्यता आहे की नाही एवढे तपासून घ्यावे. मलकापूरसारख्या गावाला हे विशेष सोयीचे, कारण उंच जलकुंभ वा डोंगरउतारावरची जागा गावाच्या नजरेच्या टप्प्यात असते. गेटवेला मुख्य वीज असल्याने ऐकण्याचा सारा भार तो उचलतो आणि नोड आपला निरोप देऊन झोपी जातो. परंतु जेथे रानाच्या घड्या आहेत, ओढे-नाल्यांत उतरलेल्या चाऱ्या आहेत, किंवा उत्तर ताबडतोब यावयास हवे आहे, तेथे अनेक टप्प्यांच्या जालाला पर्याय नाही.

अशा जालात एक दोष जन्मजात असतो. गावातील सर्व निरोप शेवटी जलकुंभावरील गेटवेकडे जात असल्यामुळे जलकुंभाच्या अगदी जवळचे नोड इतरांचे ओझे वाहून आधी मरतात, आणि ते मेले म्हणजे दूरचे धडधाकट नोडही मुके होतात. ‘लीच’ने यावर जो उपाय काढला तो आपल्या शेतकऱ्याला सांगितल्याबरोबर कळतो, कारण पाटाच्या पाण्याची पाळी असावी तसाच तो आहे: गटातील इतरांचे निरोप गोळा करून पुढे देणाऱ्या गटप्रमुखाचे जिकिरीचे काम आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे, म्हणजे कोणा एकाचेच रान कोरडे पडत नाही. तथापि ती पद्धती जशीच्या तशी नगरपालिकेने घेऊ नये असे मला वाटते. तिच्यात कोणत्याही नोडने गटप्रमुख होऊन थेट केंद्रापर्यंत बोलावे असे गृहीत आहे, आणि चेंबरच्या तळाशी बसलेल्या मीटरला ते साधत नाही. शिवाय मीटर हलत नाहीत, त्यांच्या जागा आपल्याला ठाऊक असतात. तेव्हा ज्या खांबांवर ओझे पडणार हे आधीच दिसते, तेथे लहानसे सौरपटल व पुनर्भरणाची बॅटरी द्यावी, आणि बाकीच्या मीटरांना वाहतुकीच्या कामातून मुक्त ठेवावे. विजेची विषमता मान्य करून तिची सोय लावणे हे सर्वांना समान भार वाटण्यापेक्षा येथे हिताचे ठरते.

आता बंदोबस्ताकडे वळू. पाण्याचे मीटर कोण कशाला बिघडवील, असा प्रश्न सभेत हटकून विचारला जातो. टप्प्यांच्या दरात बिल वाढते तेथे आकडा कमी दाखविण्याचा मोह असतो. चारीवरची पातळी खोटी दाखविली तर दुसऱ्याच्या पाळीतले पाणी आपल्या रानात वळते. आणि दाबाच्या खोट्या आकड्यावर पंप चालू-बंद होत असेल तर नळ फुटण्यापर्यंत मजल जाते. बर्कलीच्या ख्रिस कार्लॉफ आणि डेव्हिड वॅग्नर यांनी २००३ सालीच त्या वेळच्या प्रमुख मार्गपद्धती तपासून दाखवून दिले, की सुरक्षेचा विचार न करता रचलेली पद्धती नंतर ठिगळे लावून सुरक्षित करता येत नाही. त्यांनी वर्णिलेल्या हल्ल्यांपैकी जे आपल्या रस्त्यावर घडू शकतात तेवढेच सांगतो.

एखादा नोड ‘जलकुंभ माझ्यापासून एकाच टप्प्यावर आहे’ अशी खोटी द्वाही फिरवितो, आणि काटकसरीच्या नियमाने चालणारे शेजारी आपखुशीने आपले निरोप त्याच्या स्वाधीन करतात. मग तो ते गिळतो किंवा निवडक गिळतो. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की हल्लेखोराने आमिष म्हणून काटकसरच वापरली: जी पद्धती केवळ स्वस्तातली वाट शोधते ती अशा खोट्या जाहिरातीस सर्वांत आधी बळी पडते. दुसऱ्या प्रकारात एक दांडगा प्रक्षेपक दूरवरून ‘मी तुमचा शेजारी’ असे साऱ्या गावाला ऐकवितो, आणि दुबळे मीटर त्याला उत्तर देण्यासाठी व्यर्थ ओरडत राहतात. तिसरा प्रकार जुना खरा संदेश टिपून ठेवून पुन्हा वाजविण्याचा. चौथा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित, तो केवळ जागे ठेवण्याचा: फ्रँक स्टायानो आणि रॉस अँडरसन यांनी १९९९ मध्ये त्याला निद्रानाशाच्या छळाचे नाव दिले. त्यात एकही आकडा चोरला जात नाही, एकही किल्ली फुटत नाही. निरर्थक हाका मारून बॅटरी तेवढी संपविली जाते. दहा वर्षांचे मीटर दहा दिवसांत बंद पाडणे ही सुरक्षेची हानी की ऊर्जेची, हे ज्याला वेगळे करता येईल त्याने खुशाल दोन वह्या ठेवाव्यात.

उपायांत पहिला मान प्रत्येक संदेशावरील शिक्क्याचा, म्हणजे गुप्त किल्लीने काढलेल्या त्या छोट्या आकड्याचा, ज्यावरून संदेश खऱ्या नोडाचा आहे आणि वाटेत बदललेला नाही हे पटते. ‘सुरक्षेने बॅटरी लवकर संपते’ असे सांगून काही विक्रेते हा शिक्का बंद ठेवतात. ते कितपत खरे आहे ते मोजून पाहावे. किल्ली लावण्याचे गणित आजच्या चिपांतील स्वतंत्र मंडल करून टाकते, त्याचा खर्च नगण्य. खरा खर्च संदेश लांबल्याचा. चार बाइटांचा शिक्का अडीच लाख बिटांच्या वेगाने ०.१३ मिलिसेकंदात जातो. बर्कलीतच २००४ मध्ये झालेल्या ‘टायनीसेक’च्या प्रयोगात तर चिपची मदत न घेताही ऊर्जेचा वाढीव खर्च दहा टक्क्यांच्या आत राहिला होता. लोरावानच्या सर्वांत संथ गतीला मात्र एकेक बाइट २५ ते ३० मिलिसेकंद खातो, म्हणजे जवळपास हजार पट. तेथे शिक्का न काढता मजकूर आखडावा. मीटरचा पूर्ण आकडा दर वेळी पाठविण्याऐवजी मागील आकड्याशी असलेला फरक पाठवावा, आणि पूर्ण आकडा दिवसातून एकदा. काटछाट करावयाची ती मजकुरात, बंदोबस्तात नव्हे.

किल्ल्यांच्या बाबतीत एकच नियम कटाक्षाने पाळावा: सर्व गावाला एक किल्ली कधीही नसावी. मीटर लोकांच्या दारात उघड्यावर असते; ते काढून, पेचकस लावून, त्याच्या स्मृतीतील किल्ली वाचणे कठीण नाही, आणि एक किल्ली फुटल्याने सारे गाव उघडे पडत असेल तर त्या किल्लीला काही अर्थ उरत नाही. प्रत्येक नोडला केंद्राशी बोलण्याची स्वतःची किल्ली आणि लगतच्या शेजाऱ्याशी बोलण्याची वेगळी किल्ली, एवढे तरी असावेच. कारखान्याने घातलेली मूळ किल्ली वा परवलीचा शब्द बसविण्यापूर्वी बदलावा. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रणालीने जगभर लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले ते असे मूळचे शब्द न बदलल्यामुळेच. प्रत्येक संदेशावर चढता क्रमांक असावा आणि तो बॅटरी काढली तरी नोडच्या कायम स्मृतीत राहावा. बॅटरी बदलल्यावर क्रमांक पुन्हा शून्यावर येत असेल, तर केंद्र खरे संदेश नाकारते, आणि त्याला कंटाळून तंत्रज्ञ ती तपासणीच बंद करून ठेवतो. मग जुना संदेश पुन्हा वाजविणाऱ्याचे फावते. स्वीकृतीच्या वेळी एका मीटरची बॅटरी काढून, पुन्हा घालून, हे डोळ्यांदेखत तपासावे.

शेजाऱ्याने शेजाऱ्यावर नजर ठेवावी, त्याने निरोप पुढे दिला की नाही ते ऐकत राहावे, अशी सूचना ग्रंथांतून पुष्कळदा केलेली आढळते. ती मला मान्य नाही, कारण ऐकत राहणे हीच तर सर्वांत महाग गोष्ट. त्यापेक्षा चढत्या क्रमांकांतील खंड केंद्राने मोजावेत: एका ठरावीक वाटेवरून येणाऱ्या मीटरांचेच क्रमांक गळत असतील तर त्या वाटेवरचा समान नोड संशयित, आणि ही चौकशी नोडांना एकही मिलिजूल न पडता केंद्राच्या दफ्तरात होते. तसेच प्रत्येक नोडने दिवसातून एकदा बॅटरीचा दाब कळवावा. एका गल्लीतील पाच मीटरांचा दाब बाकी गावाच्या मानाने झपाट्याने उतरू लागला, तर तेथे कोणी झोपमोड करीत आहे किंवा वेळापत्रक बिघडले आहे. दोन्ही प्रकरणांत माणूस पाठविणे अवश्य. याशिवाय, अनोळखी हाकांनी तासातून किती वेळा जागे व्हावे याची मर्यादा नोडमध्येच घालून ठेवावी.

संदेश वाटेत एकत्र करून पाठविल्याने वीज वाचते, हे खरे. पण एकत्र करणाऱ्या मधल्या नोडला ते वाचता यावे लागतात, म्हणजे तेवढ्यापुरता बंदोबस्त सैल होतो. येथे कामाची प्रतवारी करावी. ज्या आकड्यावर बिल निघते तो मीटरपासून केंद्रापर्यंत बंद लखोट्यातच गेला पाहिजे, त्याची बेरीज वाटेत होता कामा नये. दाब, तापमान, ओलावा यांची सरासरी वाटेत काढण्यास हरकत नाही. आणि या सर्वांवर एक ताळा असा आहे, की जो कोणत्याही सांकेतिक लिपीवाचून चालतो: जलकुंभातून विभागाकडे निघालेल्या मुख्य नळावर मोठे मीटर बसवावे, आणि त्या विभागातील घरोघरच्या मीटरांची बेरीज त्याच्याशी रोज ताडून पाहावी. गळतीचा नेहमीचा वाटा वजा जाता तफावत एकाएकी वाढली, तर एकतर नळ फुटला आहे किंवा आकडा खोटा आहे. लहरींवरचा निरोप बदलता येतो, पण मुख्य नळातून गेलेले पाणी परत जात नाही, म्हणून हा ताळा मला अतिशय मोलाचा वाटतो.

पुराच्या प्रश्नाचा वेगळा विचार केला पाहिजे. सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी तेथे ५७ फुटांपलीकडे गेले. पातळी मोजणारा नोड वर्षातील दहा महिने जवळजवळ निरुपयोगी आकडे पाठवीत असतो, आणि मोजक्या दिवसांत त्याचा एकेक आकडा लाखमोलाचा होतो. अशा कामासाठी आरती मांजेश्वर आणि धर्म अग्रवाल यांनी २००१ मध्ये मांडलेली ‘टीन’ ही पद्धती उपयोगी आहे: पाण्याने ठराविक उंबरठा ओलांडला आणि मागील आकड्यापासून ठराविक फरक पडला, तरच नोड बोलतो. बचत मोठी होते, पण तिच्यातून एक गंभीर धोका निर्माण होतो. गप्प असलेला नोड नदी शांत आहे म्हणून गप्प आहे, की मेला आहे, की त्याचे निरोप कोणी गिळत आहे, हे केंद्राला कळत नाही. म्हणून उंबरठ्याखालीही दर सहा तासांनी ‘मी आहे’ एवढा शिक्का असलेला निरोप आलाच पाहिजे, आणि पाणी चढू लागताच तो आपोआप दर दहा मिनिटांवर यावा. नोडाची वाट पूररेषेखालून जात असेल, तर पुरात ती सर्वांत आधी बुडते. निदान एक वाट डोंगराच्या अंगाने असावी आणि गेटवेला मुख्य वीज गेल्यावर काही दिवस तग धरील एवढी बॅटरी असावी.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. शंभर मीटर चौरसाच्या काल्पनिक मैदानात शंभर नोड विखुरून, संगणकावर ‘लीच’शी तुलना करून, आपली पद्धती इतके टक्के अधिक जगते असे दाखविणारे प्रबंध दरवर्षी ढिगाने लिहिले जातात. त्या मैदानात ऊस नसतो, बिडाचे झाकण नसते, आणि दुष्ट नोडही नसतो. संगणकावरील अभ्यास जरूर करावा, त्यासाठी कोंटिकी प्रणालीसोबत मिळणारे कूजा हे साधन चांगले आहे, कारण त्यात खऱ्या नोडवर चालणारीच आज्ञावली चालविता येते; पण त्यासोबत दोनच खरे नोड घेऊन एखाद्या गल्लीतून फिरावे, प्रत्येक अंतराला शंभर संदेश पाठवून किती पोहोचले ते लिहावे, प्रवाहमापक लावून झोपेतला व जागेपणीचा प्रवाह मोजावा, आणि एक नोड मुद्दाम खोटारडा करून बाकीचे त्याला किती वेळात ओळखतात ते पाहावे. अशा एका तक्त्याची किंमत मी शंभर आलेखांहून अधिक समजतो.

नगरपरिषदांनी निविदेच्या मसुद्यात काही अटी स्पष्ट शब्दांत घालाव्यात. बॅटरी किती वर्षे टिकेल ही हमी ‘दिवसाला इतके संदेश, शिक्क्यासह, इतक्या शेजाऱ्यांचे ओझे वाहून’ अशा शब्दांत असावी. नुसते ‘दहा वर्षे’ या शब्दांना अर्थ नाही. मार्गपद्धती प्रसिद्ध मानकानुसार असावी, म्हणजे उद्या दुसऱ्या कंपनीचे मीटर त्याच जालात बसू शकेल. आणि सर्व किल्ल्यांची मालकी नगरपरिषदेची असावी. ठेका संपल्यावर किल्ल्यांची यादी मोहोरबंद स्वरूपात मुख्याधिकाऱ्यांच्या ताब्यात येऊन, त्याच आठवड्यात सर्व नोडांच्या किल्ल्या बदलल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर जुन्या ठेकेदाराच्या संगणकात गावाचे दार उघडेच राहते. बिघडलेल्या वा काढून टाकलेल्या मीटरचा क्रमांक भांडारपालाने नोंदवहीत लिहावा, केंद्रातून त्याची किल्ली त्याच दिवशी रद्द करून घ्यावी, आत राहिलेली स्मृती पुसावी, आणि या तिन्ही गोष्टींवर सही झाल्याखेरीज ते मीटर भंगाराच्या लिलावात ठेवू नये.